रविवारची शिकवणी

"मिटवा रेऽऽ, मिटवा…"

दत्तोबा सुताराचा तो आवाज त्याच्या थोरल्या लेकीच्या, वैजयंतेच्या, कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होता. दत्तोबा लग्नाला मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा. पंगत उठली, वऱ्हाडाची गाडी वळणाआड गेली, की मांडवात विस्कटलेली फुलं आणि लोखंडी खुर्च्या तेवढ्या उरत. मग दत्तोबा मधोमध उभा राहून, आरोळी म्हणावी तर आरोळी नाही आणि गाणं म्हणावं तर गाणं नाही, अशा सुरात तेवढे शब्द म्हणायचा. त्यामागून खुर्च्या मिटल्याचा खाड खाड ताल सुरू व्हायचा. वैजयंता आणि धाकटी उज्ज्वला मिटलेल्या खुर्च्यांच्या थप्पीवर बसून तो ताल ऐकत राहायच्या, आणि आई त्याच ठेक्यावर ओवी जुळवायची:

मांडव उतरीला, दारी राहिली रांगोळी
लेक गेली दूरदेशी, मागं खुर्च्यांची गं मोळी

दत्तोबा गेला, आई गेली, लोखंडी खुर्च्या भंगारात गेल्या. शब्द मात्र राहिला. त्या एका शब्दानं पुढं कोल्हापुरातल्या वकिलांची जी तारांबळ उडवली, तिची ही गोष्ट.

वैजयंता आता चौपन्न वर्षांची होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिची दुमजली इमारत होती, तिचं नाव 'बैठक'. सहा खोल्या वर, सहा खाली. या खोल्या ती वकिलांना तासावर भाड्यानं द्यायची, फर्निचरसकट. बापाचाच धंदा की, तो लग्नाला खुर्च्या पुरवायचा आणि मी भांडणाला पुरवते, असं ती स्वतःच हसून सांगायची.

काळच तसा आला होता. निम्म्या सुनावण्या पडद्यावर होत, कागदांनी कपाटं सोडलेली. वर्षाचे बाराही महिने ऑफिस सांभाळणं मोठमोठ्या फर्मनासुद्धा नकोसं झालं. तारीख असेल त्या दिवशी खोली घ्यावी, नसेल त्या दिवशी नाव काढू नये. पण पक्षकाराचा जीव टेबलाशिवाय शांत होत नाही. समोर रुंद टेबल, मागं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट आणि वकिलाची खुर्ची आपल्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच, एवढं दिसलं की त्याला वाटतं, आपलं काम मोठ्या माणसाच्या हाती आहे. हे सगळं वैजयंता पुरवायची. कपाटात लाल पुस्तकांच्या नुसत्या पाठी असायच्या, पुस्तकं नसायची. आजवर एकाही वकिलानं त्यातलं पुस्तक काढायला हात घातला नव्हता, त्यामुळं कुणाला कळलंही नव्हतं.

आणि हे सगळं भिंतीत मावायचं. सकाळी ज्या खोलीत ज्येष्ठ वकिलाचं दालन उभं असे, तिथंच अकरा वाजता तडजोडीचं गोल टेबल आणि दुपारी साक्षीदाराची तयारी करून घ्यायला लाकडी कठडा. मधल्या वेळात खोली मोकळी, भिंतीला फक्त फळ्या टेकलेल्या.

ही किमया उज्ज्वलेची. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती आणि त्या फळ्यांना तिनं नाव दिलं होतं घडीपट. बांबूच्या अंगात, तसं पाहिलं तर सगळ्याच झाडांच्या अंगात, लिग्निन नावाचा एक डिंक असतो. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवतो तो हाच. गार असला की ताठ, ऊब आणि ओल मिळाली की मऊ. बुरूड कांब शेकून वाकवतो, तेव्हा तो या डिंकाचीच मनधरणी करत असतो. उज्ज्वलेनं बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवून फळी केली, आणि घड्या जिथं पडायच्या तिथं केसाहून बारीक कार्बनचे धागे विणले. धाग्यातून वीज गेली की तेवढीच रेघ तापते, मऊ पडते, आणि आत बसवलेला एक आकार लक्षात ठेवणारा पदर फळीला शिकवलेल्या रूपात ओढून नेतो. वीज थांबली, रेघ गार झाली, की खुर्ची खुर्ची होऊन ताठ उभी. त्याच धाग्यांना वर बसलेल्या माणसाचं वजनही कळतं. माणूस बसलेला असताना मिटायची वेळ आलीच, तर घडीपट त्याला धाडकन टाकत नाही. झोळीतलं मूल खाली ठेवावं तसा अलगद जमिनीवर ठेवतो आणि मग आपण भिंतीकडं सरकतो.

प्रत्येक खोलीला एक कान होता. वकिलांची अट कडक होती, की खोलीतला शब्द खोलीबाहेर जाता कामा नये. म्हणून हा कान कुठल्या जाळ्याला जोडलेला नव्हता आणि काही नोंदवूनही ठेवत नव्हता. त्याला अर्थ कळत नसे. शब्द उच्चारला, घडीपट हलला, आणि दोघी बहिणींपैकी एकीच्या आवाजात 'शाब्बास' ऐकू आलं, की त्या शब्दाची आणि त्या हालचालीची गाठ त्याच्या आत जरा घट्ट व्हायची. 'चुकलास' ऐकलं की सैल. बैल शिकवतात तसाच हा कान शिकवायचा. आणि शब्द? ते तर बापाचेच. उभं करायला 'मांडा', आवरायला 'मिटवा'. दुसरा शब्द सुचवायचं दोघींपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. इथंच घोटाळा झाला. मांडवातल्या माणसानं मिटवा म्हटलं तर त्याला खुर्च्या म्हणायच्या असतात. वकिलानं म्हटलं तर त्याला काय म्हणायचं असतं, हे सुताराच्या पोरींच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिला प्रसंग चार नंबरच्या खोलीत घडला. आकाराम आवळे आणि परशराम आवळे, सख्खे भाऊ, दोघांचे दोन ब्रास बँड. बापाच्या बँडचं नाव कुणी लावायचं यावर नऊ वर्षं दावा चाललेला. आकारामच्या बाजूनं मगदूम वकील होते, वय सत्तरीकडं झुकलेलं, आवाज लोण्यासारखा, स्वभाव मिरचीसारखा. परशरामची वकीलबाई तरुण होती. दोन तास झाले तरी कुणी हटेना, तेव्हा मगदुमांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि कंटाळून म्हणाले, की बाबांनो, आता हे मिटवा.

टेबल खाली जाऊ लागलं. लाल पाठींचं कपाट गुपचूप घडी होऊन भिंतीला चिकटलं. चार खुर्च्यांनी आपापली चार माणसं सावकाश, अगदी अदबीनं, फरशीवर ठेवली. मगदुमांची उंच खुर्ची चार बोटं जास्त असल्यामुळं ते सगळ्यांत शेवटी पोचले. तिघांनी आपसूक मांडी घातली. परशरामचा उजवा पाय मात्र काठीसारखा पुढं पसरलेलाच राहिला.

आकाराम त्या पायाकडं बघत राहिला. टेबल होतं तोवर त्याला भावाचं फक्त तोंड दिसत होतं, आणि तोंड भांडत होतं.

"पाय दुमडत न्हाई व्हय रं तुझा?"

"दोन वर्सं झाली."

"मग मिरवणुकीत चालतोस कसा?"

"न्हाई चालत. हातगाडीवर बसून वाजवतो. पोरं ढकलत्यात."

आकारामनं मान खाली घातली. मग म्हणाला, की गाडीवर बसून क्लॅरिनेट वाजवणारा माणूस म्हंजे देवाची पालखीच की, तूच लाव बाबाचं नाव. यावर परशराम म्हणाला, की असं कसं, दोघं मिळून लावू. आणि मग त्या मुद्द्यावर दोघांचं नव्यानं भांडण जुंपलं, पण ते भांडण ऐकून दोन्ही वकील हसत होते.

ही बातमी कोर्टाच्या आवारात चहापेक्षा लवकर पसरली. महिन्याभरात विहिरीच्या वादातली चुलतभावंडं, घटस्फोटाला आलेलं जोडपं, एकाच शाळेचे दोन अध्यक्ष, असे बरेच जण त्या खोल्यांतून खाली उतरले. टेबलाआड जी माणसं एकमेकांना पक्षकार म्हणून बघत होती, त्यांना जमिनीवर एकमेकांचे फाटके मोजे, सुजलेली पावलं, गुडघे टेकताना होणारी धडपड दिसायची. अमुकचं काय झालं, असं कुणी विचारलं की वकील सांगू लागले, आले जमिनीवर.

पण महिना सरला तसे मगदूम वकील वैजयंतेकडं आले आणि तिला समोर बसवून त्यांनी समजावलं. आवळ्यांचं चांगलं झालं ते झालं. पण उद्या एखादा पक्षकार न्यायाधीशापुढं जाऊन म्हणेल, की मी माझ्या मर्जीनं तडजोड केली नाही, मला खुर्चीवरून खाली आणलं आणि मी गोंधळून सही केली. मग ती तडजोडही जाईल आणि बैठकही. माणसाला न सांगता त्याच्याखालची खुर्ची काढणं हे चांगल्या हेतूनं केलं तरी खुर्ची काढणंच असतं. वैजयंतेला ते पटलं. तिनं पुण्याला फोन लावला.

एप्रिलमधला तो शनिवार होता. तोवर उज्ज्वला वर्षातून दोनदा यायची, दिवाळीला आणि बापाच्या तिथीला, आणि तेव्हाही तिचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असायचं. त्या शनिवारी मात्र ती सकाळी आली ती बाह्या सरसावूनच. बारा खोल्यांत दोघी बहिणी मिळून फिरल्या. नुसतं 'मिटवा' म्हटलं की शाब्बास, आणि 'हे प्रकरण मिटवा', 'मिटवून टाका की', 'मिटवा म्हणतोय मी' असं वाक्यात गुंफून म्हटलं आणि खुर्ची हलली की चुकलास. वैजयंता आकारामचा आवाज काढायची, उज्ज्वला मगदुमांचा. हसून हसून दोघींच्या पोटात दुखलं. दुपारी भडंगात कांदा-लिंबू घालून तिथंच फरशीवर बसून खाल्लं, आणि उज्ज्वलेनं किती वर्षांनी तरी थोरलीच्या मांडीवर डोकं टेकलं. संध्याकाळपर्यंत सगळे कान वळणावर आले. कितीही वाक्यं टाकली तरी खुर्च्या ढिम्म.

"झालं बघ," उज्ज्वला बॅग भरत म्हणाली. "आता माझं काही काम नाही इथं. दिवाळीला येते."

दिवाळी सहा महिने लांब होती.

रविवारी कोर्ट बंद, गल्ली सामसूम. वैजयंता केर काढायला खोल्यांत शिरली. एक नंबरमध्ये चहाचे दोन कप तसेच होते, एकाच्या काठाला भडंगाचा दाणा चिकटलेला. तिनं केरसुणी बाजूला ठेवली. सहज म्हणून, अगदी सहज, ती मोठ्यानं म्हणाली, "हे प्रकरण तेवढं मिटवा आता." खुर्ची हलली नाही. शिकली होती गुणाची. मग वैजयंतेनं भिंतीतली हाताची कळ दाबून खुर्ची मिटवली, आणि तिच्या तोंडातून आलं, "शाब्बास."

एकदा आलं म्हणून दुसऱ्यांदा आलं. बारा खोल्या होईपर्यंत ऊन पार जिन्याच्या पायथ्याशी पोचलं होतं.

मंगळवारी तीन नंबरमधले दोन भागीदार जमिनीवर आले. वैजयंतेनं फोन केला, की उजे, परत बिघडलंय बघ. पलीकडून उज्ज्वला चकित झाली, आणि म्हणाली शनिवारी येते.

असे शनिवार येत गेले. उज्ज्वला यायची, शिकवायची, संध्याकाळी सगळं ठीक करून जायची, आणि रविवारी सकाळी वैजयंता खोल्याखोल्यांतून उलटी शिकवणी घ्यायची. कान काही नोंदवत नव्हता, म्हणून चुगलीही करू शकत नव्हता. पाच वार वाट बघायचे, एक वार भेटीचा, एक वार पापाचा, असा वैजयंतेचा आठवडा झाला. शनिवारसाठी ती शुक्रवारीच डाळ भिजत घालायची. खोल्यांना पडदे बदलले. केसांना मेंदी लावली. गल्लीतली फुलवाली म्हणाली, की अक्का, तुमच्यात लग्न हाय का काय कुणाचं. मधल्या दिवसांत कुणी जमिनीवर आलंच, तर ती लोकांना सांगायची, की भलं होतंय की माणसांचं, तुटलेली नाती जुळत्यात. हे कारण इतकं चांगलं होतं की हळूहळू तिचं तिलाही खरं वाटू लागलं.

पावसाळा आला आणि गेला. त्या वर्षी शिरोळकडची गावं पुन्हा पाण्यात बुडाली, आणि पूरनिवारणाच्या खात्यानं उज्ज्वलेला बोलावणं पाठवलं. तिला घडीपटांचा दवाखाना करायचा होता. नावेत फळ्या रचून न्यायच्या, शाळेच्या गच्चीवर ठेवायच्या, 'मांडा' म्हणायचं, की खाटा, पडदे, तपासणीची टेबलं उभी. पुरात कुणाचेच हात मोकळे नसतात, म्हणून सगळं बोलून चालायला हवं. कामाची प्रमुख उज्ज्वला. आयुष्यभर ज्याच्यासाठी झिजावं असं काम.

आणि उज्ज्वला नाही म्हणणार होती. हे तिनं फोनवर सांगितलं, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. सहा महिने झाले, मला एका शब्दाची दुरुस्ती जमत नाही, म्हणाली. संध्याकाळी बरोबर असतं, दोन दिवसांत मोडतं, आणि का मोडतं हे मला कळत नाही. खुर्ची चुकली तर वकील जमिनीवर येतो. खाट चुकली तर काय होईल. सोमवारी नकार कळवते, आणि शनिवारी येऊन तुझ्या खोल्यांतले कान काढून साधी बटणं बसवते. म्हणजे तुझाही त्रास संपला.

फोन ठेवल्यावर वैजयंता भिंतीला टेकलेल्या फळ्यांकडं बघत बसली. आपण एका शब्दाची गाठ उसवत होतो असं तिला वाटत होतं. उसवत होतं ते दुसरंच काहीतरी.

शुक्रवारी मगदूम वकील चहाला आले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, की मागं एकदा चष्मा विसरला होता म्हणून रविवारी आलो होतो. बाहेरूनच परत गेलो. आत कुणीतरी रिकाम्या खुर्चीला शाब्बास म्हणत होतं.

वैजयंतेनं हातातली बशी खाली ठेवली आणि दाराकडं बघितलं.

"घाबरू नका, वैजाक्का. मी तुमचा वकील नाही, पण तुमचा चहा प्यालोय. गुपित राहील." मग जरा थांबून ते म्हणाले, "फक्त एक सांगतो. कबुली दुसऱ्यानं काढून घेतली की तो नुसता पुरावा होतो. आपण होऊन दिली, तरच ती कबुली."

शनिवारी उज्ज्वला आली. हातात बटणांचं खोकं होतं आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं डाळीचं वाटणही पाहिलं नाही, सरळ एक नंबरच्या खोलीत जाऊन भिंतीशी खुर्चीत बसली आणि भिंतीतली झडप उघडली. वैजयंता चहा घेऊन मागोमाग गेली. सांगायचं ते जिभेवर येत होतं आणि दातांना अडून परतत होतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पोरीची रोज वेणी घातली, तिच्यासमोर मान वर होईना.

मग तिला वाटलं, एवढ्या लोकांना या खुर्च्यांनी खाली आणलं, आपल्यालाही आणतील. गुडघ्याला गुडघा लागला की बोलवतं. ती उज्ज्वलेच्या समोरच्या खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मिटवा."

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले. उज्ज्वलेच्या तळहातावर शेंगदाण्याएवढा काळा कान होता.

"काढला मी तो, अक्का. आता नाही ऐकणार."

म्हणजे जे काय ते आता ताठ खुर्चीवर बसूनच. वैजयंतेनं चहाचा कप खाली ठेवला.

"उजे, तुझी दुरुस्ती पहिल्याच शनिवारी लागू पडली होती. दर रविवारी मी ती मोडत होते. 'प्रकरण मिटवा' म्हणायची, कळ दाबायची आणि शाब्बास म्हणायची. तुझं काहीच चुकलेलं न्हाई."

उज्ज्वलेनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"कुठल्या खोलीत?"

"सगळ्या."

"दर रविवारी?"

"गणपतीतला एक सोडून. तवा पाव्हणे होते."

उज्ज्वला उठली, खिडकीशी गेली, आणि पाठमोरीच बोलायला लागली. ती जे बोलली त्यातलं बरंचसं वैजयंतेनं मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. सहा महिने मला वाटत होतं माझं डोकं गेलं. प्रयोगशाळेत दुसऱ्यांनी केलेलंही मी तीन-तीनदा तपासायला लागले. झोपेत मी चुकलास, चुकलास म्हणत होते. आणि तू इथं बसून दुधीची खीर खाऊ घालत होतीस. तिचा आवाज चढला, मग फाटला, मग मध्येच थांबला. ती वळली. चेहऱ्यावर राग होताच, पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी वर येत होतं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"व्हय."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी गं बाई. मीच पारखून बघितलं की. एक खुर्ची हलंना."

उज्ज्वलेनं तेच आणखी दोनदा विचारलं, आणि वैजयंतेनं दोनदा सांगितलं. मग उज्ज्वला मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. ओढणीनं डोळे पुसत, खोकत, हसत राहिली. गणपतीतला एक सोडून, असं पुटपुटली आणि पुन्हा हसली. वैजयंतेला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं गार झालेला चहा तिच्या हातात दिला, आणि तो तिनं प्यालाही.

त्यानंतर उज्ज्वलेतली शास्त्रज्ञ जागी झाली. तिनं कान परत जागेवर बसवला. मोबाइल काढून सोमवारसाठी लिहून ठेवलेलं नकाराचं पत्र पुसलं, आणि त्या जागी दोन ओळी लिहिल्या, की काम स्वीकारते, पुढच्या आठवड्यात रुजू होते. शिकवणीचा नियम आता बदलायचा, म्हणाली. एकटीच्या शाब्बासनं काही पक्कं व्हायला नको, दोघींनी म्हटलं तरच. दवाखान्यातही तसंच ठेवीन, डॉक्टर आणि नर्स दोघांचंही ऐकून. तुझ्यामुळं निदान एवढं तरी कळलं. अकरा खोल्या आज नीट करायच्या. चार नंबरची आहे तशी राहू दे, पण दारावर ठळक पाटी लाव, की इथं मिटवा म्हटलं की खुर्ची खाली नेते. ज्यांना सांगून-सवरून जमिनीवर यायचंय त्यांनी ती खोली मागावी. मगदूम वकिलांनाही चालेल.

वैजयंतेनं मान हलवली. तिला वाटलं, सुटले.

उज्ज्वला खोक्यातली बटणं आवरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पण का गं?"

उत्तर तयारच होतं. सहा महिने सगळ्यांना देऊन देऊन गुळगुळीत झालेलं. वैजयंता म्हणाली, की माणसांचं भलं होत होतं उजे, आवळ्यांचा पाय बघितला असतास तू, त्या जोडप्याचं बघितलं असतंस. म्हटलं मोडायचं कशाला चांगलं चाललेलं.

"ते वकिलांना सांग, अक्का."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. वैजयंतेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दुरुस्त झालं असतं तर तू थेट दिवाळीलाच आली असतीस," ती म्हणाली. "मला एवढी वाट बघवत न्हाई गं, उजे. मला एकटीला लई जड जातंय."